शाईखालची पेन्सिल

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

नीलांबिकेनं वही माझ्या मांडीवर ठेवली होती. चौथ्या चौकटीतल्या संवादाच्या मोठ्या फुग्यावर तिनं बोट टेकवलं. हात तिला नीट वाकवता येत नव्हता, मनगटाला रुमाल बांधलेला होता.

"लिही, 'हात सोड. मला नको.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हाताला काय झालं?"

"सायकलवरनं पडले."

शुक्रवारचा शेवटचा तास ऑफ होता. आम्ही प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. दहावीच्या पोरांनी आत कसलातरी वायू तयार केला होता आणि खिडकीतून सडक्या अंड्यांचा भपकारा येत होता. नाकाला ओढणी लावून मी चौकटी बघत होते. उजवीकडून पहिली : उरूस, मोठा पाळणा, काचेच्या बांगड्यांचं दुकान. दुसरी : रेननं युकीचं मनगट धरलंय आणि तो बांगडी चढवतोय. तिसरी : फुटलेल्या काचा. चौथीत फक्त युकीचा चेहरा, ओठ जरासे उघडे, डोळे अर्धवट मिटलेले. आणि तो फुगा.

"जपानमध्ये कासार कुठनं आला ग?" मी खिदळले.

नीला हसली नाही. "येतो," म्हणाली.

"आणि पाळणा तर आपल्या उरुसातलाच उचललायस. युनिफॉर्म जपानी, पाळणा जयसिंगपुरी!"

"श्रुतिका, लिही तेवढंच. सोमवारी दे."

दप्तर एका खांद्यावर टाकून ती निघून गेली. मी वास मारणाऱ्या त्या पायऱ्यांवर बसून चौथ्या चौकटीकडं बघत राहिले. मनात म्हटलं, एवढं भारी चित्र आणि त्यात हे वाक्य? अळणी आमटी नुसती.

तीन वर्षं झाली. मी आता बारावीत आहे, नीलाही आहे. पण सडक्या अंड्याचा वास आला की मला अजून केमिस्ट्री आठवत नाही, ते वाक्य आठवतं. तिचं नाही. माझं.

*

आमचं काम कसं चालायचं ते आधी सांगते, म्हणजे मी काय घाण केली ते कळेल.

नववीत विज्ञानाची प्रयोगवही असते, एक पान कोरं, समोरचं पान रेघांचं. कोऱ्यावर आकृती काढायची, रेघांवर कृती आणि निष्कर्ष लिहायचा. नीलानं दिवाळीच्या सुट्टीत तसली एक वही घेतली आणि तिच्यात मंगा सुरू केली. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडं वाचायची, म्हणून वही मागून उघडायची. तिची नायिका युकी. हट्टी, कमी बोलणारी, बुटात कायम एक खडा असल्यासारखी चालणारी. आणि तिच्या मागं लागलेला रेन. उंच, केस डोळ्यांवर, डाव्या भुवईत एक चीर. त्या चिरेवर आमचा अख्खा वर्ग फिदा होता.

नीला पाचवीपर्यंत कर्नाटकात, आईच्या माहेरी शिकली. तिच्या घरी कन्नड बोलतात. मराठी ती छान बोलायची, पण अक्षर म्हणजे मुंग्यांना शाईत बुडवून सोडल्यागत. आणि मी? मी तालुक्यात हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस घेतलेलं होतं. त्याच वर्षी माझा चष्मा गेला, लेन्स आल्या, स्नेहसंमेलनात निवेदन मिळालं. पोरी मला हाका मारून बोलवायला लागल्या होत्या. मी तर काय, हवेतच!

तर काम असं. नीला चित्र काढायची. प्रत्येक फुग्यात पेन्सिलीनं कन्नडमध्ये संवाद लिहायची, दाबून, कागद खड्ड्यात जाईल इतकं दाबून. मग मला तो मराठीत सांगायची. मी घरी जाऊन पेन्सिल खोडायची आणि काळ्या शाईनं माझ्या सुंदर अक्षरात मराठी भरायची.

"इतकं दाबून लिहू नकोस ग," मी दरवेळी कुरकुरायची. "खोडलं तरी वळ राहतात. निब अडकते."

"हळू लिहिलं की मला काय म्हणायचंय तेच विसरते," ती म्हणायची.

समोरच्या रेघांच्या पानावर वाचकांनी लिहायचं, ही कल्पना माझी. आठवड्याला एक भाग, सोमवारी वही सुटायची आणि शुक्रवारपर्यंत आमची तुकडी, शेजारची तुकडी, शिवाय दहावीच्या मुली, असं फिरून परत यायची. परत यायची तेव्हा चिवड्याच्या तेलाचे डाग, मेंदीचे ठसे, एकदा तर च्युइंगम चिकटलेलं. रेघांवर मजकूर असा :

'रेन आमचा जावई!!!'

'युकी एवढा भाव का खाते? आरशात बघ म्हणावं.'

'लई माज आहे बयेला. हो म्हणून टाक की.'

'दोघांचं जमव, नाहीतर वही फाडीन. तुझीच वाचक.'

मी ते मोठ्यानं वाचून दाखवायची. नीला त्या पानावर तळहात ठेवायची आणि पुढचं कोरं पान काढायची.

"वाच तरी! लोकांना काय हवंय ते तरी बघ."

"मला माहितीय लोकांना काय हवंय."

"मग दे ना!"

"शेवट ठरलाय," ती म्हणायची. तो तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलेला. "शेवटी ती एकटीच जाते. बसनं."

"जपानमध्ये बस?"

"बस सगळीकडं असते."

मला वाटायचं, करेल ही बदल. इतक्या पोरी जीव टाकतायत. कोण असा शेवट करतं?

मग मी थोडी थोडी मदत करायला लागले. एकदा तिनं सांगितलं होतं 'जा', मी लिहिलं 'जा ना'. तिनं ओळखलं.

"हा 'ना' कुणी लावला?"

"फुग्यात जागा उरली होती ग. मोकळं वाईट दिसत होतं."

तिनं तो 'ना' बोटानं झाकून बघितला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी फुगा लहान काढीन." झालं, विषय संपला. त्यानंतर तिनं तपासणंच सोडलं. विश्वास होता म्हणा, किंवा शाईनं भरलेलं पान परत बघायलाच तिला नको असायचं. मी मात्र त्याला परवानगी समजले. 'माझ्या मागं येऊ नको' चं 'येशील का माझ्या मागं?' झालं. 'मला भीती वाटते' चं 'मला कसंतरी होतं' झालं. दर सोमवारी आरडाओरडा वाढत गेला.

आणि मग तो बांगडीचा भाग आला.

*

शनिवारी संध्याकाळी आई भाजी निवडत होती, मी टेबलावर. पहिले तीन फुगे भरले. चौथ्यातली पेन्सिल खोडली आणि निब शाईत बुडवून थांबले.

हात सोड. मला नको.

चित्राकडं बघितलं. अर्धवट मिटलेले डोळे. उघडे ओठ. अहाहा, हे काय 'मला नको'चं तोंड आहे? मी त्या चेहऱ्याला वाचकाच्या नजरेनं बघितलं आणि मला आपोआप सुचलं. इतकं फिट्ट बसलं की मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली.

मी लिहिलं, 'हळू ना... दुखतंय.'

तीन टिंबांसकट. त्या टिंबांचा तर मला वेगळा अभिमान वाटला.

सोमवारी नीला आली नाही. वही मीच सोडली. पहिल्या सुट्टीत अंकिता कुंभोजे बाकावर चढली आणि वही छातीशी धरून किंचाळली, "मी मरतो आता! मी खरंच मरतो!" आमच्याकडं पोरीही 'मरतो'च म्हणतात. बाकीच्या तिच्या अंगावर पडल्या. कुणीतरी 'हळू नाऽऽ' म्हणून लाडिक आवाज काढला आणि मग दिवसभर तेच. पाण्याच्या टाकीपाशी धक्का लागला तरी 'हळू नाऽऽ'. डबा उघडताना 'दुखतंयऽऽ'. रेघांचं पान भरून गेलं, कुणीतरी जादा कागद टाचला.

'शेवटी कबूल झाली बया!'

'मला माहीतच होतं हिला पण तो हवाय.'

'नाटकं करत होती इतके दिवस.'

मी टाळ्या घेत फिरत होते. 'श्रुतिका, तू लिहितेस का ग हे?' असं दहावीच्या एकीनं विचारलं आणि मी मान एका बाजूला करून म्हटलं, "संवाद माझेच असतात."

मंगळवारी नीला आली नाही. बुधवारीही नाही. वही अंकिताकडं होती, ती नीलाच्याच गल्लीत राहते. बुधवारी शाळा सुटताना तिनं मला गेटवर गाठलं.

"वही काल नीलाच्या घरीच राहिली."

"दिलीस तिला?"

"तिला नाही ग, ती आतच होती. तिची मामी आलीय गावाकडनं. मी म्हटलं बघा, तुमची नीला काय भारी चित्रं काढते! मीच वाचून दाखवलं सगळ्यांना. काय हसली मामी, डोळ्यातनं पाणी! चहा दिला मला, चिरमुरे दिले." अंकिताचा चेहरा फुलला होता. "तू पण जा. तुझं नाव सांगितलंय मी."

मी गेले. कौतुक करून घ्यायला गेले, हे खोटं कशाला सांगू? वाटेत केस विंचरले.

*

नीलाचं घर म्हणजे पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर. दारात चपला काढताना एक कॅनव्हासची पिशवी पायाला लागली. ती अर्धी रिकामी केलेली होती. पुरुषी शर्ट, पँट, दाढीचं सामान, सगळं परत खुंटीवर आणि फळीवर लावायचं काम चाललं होतं. नीलाची आई, अव्वा म्हणतात तिला, एक एक कपडा उचलून टांगत होती. कॉटवर नऊवारीतली जाडजूड बाई पान लावत बसली होती. ती मामी असणार. तिच्याशेजारी एक मुलगा भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसला होता. त्याच्या मांडीवर आमची वही होती आणि तो शेंगा फोडून फोलपटं तिच्यावर टाकत होता.

त्यानं मान वर केली. डाव्या भुवईत चीर होती.

मी दारातच थांबले.

"तू काय ती अक्षरवाली?" मामी म्हणाली. "ये की, बस. बसू, सरक जरा. हा माझा बसवराज. आयटीआयला हाय इथं, राहायला आत्याकडंच."

नीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. मनगटावर रुमाल नव्हता, आडव्या तीन खपल्या होत्या. दुसऱ्या हातात नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या होत्या. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. ती अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"हे बघ," मामी मला सांगायला लागली, जणू मी जुनी ओळखीची, "आमच्यात मामाच्या पोराचा मान पहिला. पाळण्यातच ठरलेलं असतंय. कानडीत मामीला आन सासूला येकच शब्द, अत्ती. ह्यो काय आज नवा हाय का? तर सोमवारी वन्संचा फोन! पोराला घिऊन जा म्हणं. उरुसात हात धरला म्हणं, पोरगी रडतीया म्हणं. पिशवीबी भरून ठेवलेली दारात! मी आपली भाकरी फडक्यात बांधून पळत आले. आन बघते तर काय?" तिनं वहीकडं बोट केलं आणि खो खो हसली. "घरात 'नको नको', आन वहीत ह्ये!"

"मी तसं लिहिलेलं नाही," नीला म्हणाली. आवाज बसलेला होता. हे वाक्य तिनं कितीवेळा म्हटलेलं असणार ते त्या आवाजावरून कळत होतं.

"मग काय भुतानं लिहिलं?"

"थांब, मी वाचतो," बसू म्हणाला. फोलपटं झटकून त्यानं पान उघडलं. तोंडात शेंगांचा चोथा होता. त्यानं गळा बारीक केला, डोळे अर्धवट मिटले, ओठ पुढं काढले आणि म्हणाला,

"हळू ना... दुखतंय."

टिंबांसकट.

माझ्या टिंबांएवढाच थांबला तो. बरोब्बर तेवढाच. त्याच्या खालच्या ओठावर शेंगदाण्याचं लाल साल चिकटलं होतं आणि त्या सालाशेजारून माझं वाक्य बाहेर आलं. अंगावर पाल पडली की कसं हात झटकतो आपण, तसं मला तोंड झटकावंसं वाटलं. शाळेत तीन दिवस हेच, ह्याच सुरात चाललं होतं. मीही म्हटलं होतं. टाकीपाशी मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं होतं.

मामी परत हसली. "लाजतीया ग पोरगी, दुसरं काय."

अव्वा हसत नव्हती. हातातला शर्ट तसाच धरून ती म्हणाली, "मला मराठी वाचायला येत न्हाई. मला पोरीनं सांगितलं येक, आन वही सांगतीया येक. मी कुणाचं खरं धरू?"

माझ्या हातात चहाचा कप आला होता, कुणी दिला कळलं नाही. चहावर जाड साय धरली होती. ती ओठाला चिकटली. मी कप खाली ठेवला.

"ते मी लिहिलंय," मी म्हटलं.

"व्हय की, अक्षर तुझंच हाय. लई झ्याक हाय," मामी म्हणाली.

"अक्षर नाही. वाक्य. वाक्य माझं आहे. नीलानं वेगळं सांगितलं होतं. मी बदललं."

"कशापायी?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. संमेलनात पाचशे लोकांसमोर मी अडखळले नव्हते. इथं खाली ठेवलेल्या कपाकडं बघत म्हटलं,

"पोरींना आवडावं म्हणून."

बसू हसला. "मैत्रिणीला वाचवतीया, आई. बघ, काय जोडी आहे. अक्षर हिचं, मन तिचं." आणि त्यानं नीलाकडं बघून ती चिरेची भुवई उडवली. ही भुवई उडवणं मी चित्रात वीस वेळा बघितलं होतं. पोरी ह्याच चौकटीवर बदाम काढायच्या.

"वही द्या," मी म्हटलं.

"कशाला? फाडणार?"

"द्या म्हटलं ना!"

हात पुढं करून मी वही ओढलीच. फोलपटं उडाली. दप्तरातून पेन्सिल काढली आणि खाली फरशीवर बसले. चौथ्या चौकटीतला फुगा. माझी शाई, माझी वळणं, माझी टिंबं. पेन्सिल आडवी धरली आणि फुग्यावर हलक्या हातानं शिसं फासायला सुरुवात केली.

"अग, चित्र घाण करतीया की ही!" मामी ओरडली.

करत होते. युकीच्या गालापर्यंत काळं गेलं. पण शाईच्या आजूबाजूला, शाईच्या मधून, वळ उगवायला लागले. पांढरे, गोल गोल, एकाखाली एक. दाबून, कागद खड्ड्यात जाईल इतकं दाबून लिहिलेले. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. दोन महिने मी ते नुसतं खोडत आले होते.

मी वही उचलून अव्वाच्या पुढं धरली.

"मावशी, हे तुम्हाला येतं."

अव्वानं शर्ट खांद्यावर टाकला. वही दाराशी उजेडात नेली, तिरकी केली. तिचे ओठ हलले. पहिल्यांदा आवाजच आला नाही. मग लहान पोरानं पाटीवरचं वाचावं तसं तिनं वाचलं,

"कै बिडू. ननग ब्याड."

मला कन्नड येत नाही. पण ते काय आहे हे कळायला यावंच लागत नव्हतं. मामीचं पान लावणारं बोट थांबलं. तिलाही अर्थ लागला असणार, कारण ती एकदम दुसरीकडं बघायला लागली.

अव्वानं पान उलटलं. पेन्सिल मागितली माझ्याकडं. मागच्या भागातला एक फुगा तिनं स्वतः फासला, मग त्याच्या मागचा, मग आणखी एक. दर वेळी ओठ हलवून वाचलं, या वेळी मनातच. 'येशील का माझ्या मागं?' च्या खाली काय होतं, 'मला कसंतरी होतं' च्या खाली काय होतं, ते तिनं सगळं वाचलं. खोलीत फक्त पेन्सिलीचा खरखर आवाज होता. नीला उंबऱ्यावरून हलली नाही.

"आत्या, अग चित्रातलं हाय ते," बसू म्हणाला. पाय त्यानं जवळ घेतले होते. "गोष्ट हाय नुसती."

अव्वानं वही मिटली. खांद्यावरचा शर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. मग खुंटीवरचे एकेक काढायला लागली.

"वैनी," ती मामीला म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "साडेपाचची चिकोडी गाडी हाय. तुमी दोघंबी बसून जावा. भावाला मी फोन करते."

"वन्सं, पोराटकी हाय, काय येवढं..."

"दाढीचं सामान फळीवर हाय. घ्या ते."

नीलानं हिरव्या बांगड्या एक एक करून काढल्या. फोडल्या नाहीत. काढून मामीच्या पानाच्या डब्यावर ठेवल्या, आवाज न करता.

*

नीला मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वही तिच्या हातात होती. मला वाटलं होतं रडेल, किंवा मिठी मारेल. मी वाचवलं होतं ना तिला! अजून माझ्या डोक्यात तसलंच काहीतरी चाललं होतं, आत्ता हे लिहितानाही लाज वाटते.

"सॉरी," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं ग तो खरा आहे. मला कन्नड आलं असतं तर..."

ती थांबली.

"मी तुला मराठीत सांगितलं होतं," ती म्हणाली.

आणि परत फिरली.

*

वर्गात कुणाला काही कळलं नाही. नीलानं सांगितलं नाही आणि मला सांगायची परवानगी नव्हती. पुढच्या सोमवारी शेवटचा भाग आला. मी भरलेला नव्हता. फुगेच नव्हते त्यात. सहा चौकटी : पहाट, रस्ता, स्टँड, बस, खिडकी. शेवटच्या चौकटीत युकी आपला बूट काढून त्यातला खडा खिडकीबाहेर टाकते. संपलं.

"हे काय?" अंकिता किंचाळली. "रेन कुठाय?"

"नाही," नीला म्हणाली.

"नाही म्हणजे? दोन महिने वाचतोय आम्ही! बांगडी घातली त्यानं, ती हो म्हणाली, आणि आता बस? छी! फसवलंस तू आम्हाला."

"तो किती प्रेम करायचा तिच्यावर," दुसरी म्हणाली.

"तसल्या पोरीला असाच पाहिजे. बस एकटी."

चिवड्याच्या हातांनी त्या वही एकमेकींकडून ओढत होत्या. तोंडं भरलेली होती. मला त्या सगळ्यांचे ओठ दिसत होते आणि प्रत्येकीच्या ओठावर ते लाल साल. मधली सुट्टी संपायच्या आत रेघांचं पान भरलं. 'शेवट बदल.' 'शेवट बदल!!' 'आम्हाला असला शेवट नको.' एकीनं तर स्वतःच खाली रेन काढला, बसच्या मागं धावणारा. भुवईतली चीर विसरली नाही.

वही शेवटी माझ्यापाशी आली. नीला समोर उभी होती, हात पुढं करून, घरी न्यायला. मी रेघांच्या पानाकडं बघितलं. सगळ्यात खाली एक ओळ मोकळी होती. पेन माझ्या हातात होतं, ते तेव्हा कायम असायचंच.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको," ती म्हणाली आणि वही मिटून दप्तरात टाकली.